एलेन स्वॉलो रिचर्ड्स

एलेन हेन्रिएटा स्वॉलो रिचर्ड्स (३ डिसेंबर, १८४२ – ३० मार्च, १९११) ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, खनिजतज्ज्ञ आणि आरोग्यरसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) ह्या संस्थेत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या विद्यार्थिनी आणि तेथील पहिल्या महिला अध्यापिका. विद्यार्थिदशेत एका प्राध्यापकाच्या हाताखाली साहाय्यक म्हणून त्यांनी पाण्याचे पृथक्करण करण्यास सुरुवात केली. पुढे ह्याच कामातून मॅसॅच्युसेट्स राज्याचे व्यापक जलसर्वेक्षण आणि नैसर्गिक पाण्यातील क्लोरीनच्या प्रमाणाचा नकाशा तयार झाला. एखाद्या ठिकाणच्या पाण्यात निसर्गतः काय असते आणि माणसाने त्यात काय मिसळले आहे, हे वेगळे करून दाखविण्याची रीत ह्या नकाशामुळे उपलब्ध झाली.

हवा, पाणी, अन्न आणि निवारा ह्यांची शुद्धता हा सर्व नागरिकांचा हक्क असून ती राखणे ही समाजाची जबाबदारी आहे, अशी त्यांची भूमिका होती. पर्यावरणीय न्याय ही संज्ञा त्यांच्या हयातीत प्रचलित नव्हती. तरीही ह्या विचाराच्या पूर्वसूरींमध्ये अभ्यासक त्यांची गणना करतात. अमेरिकेतील गृहअर्थशास्त्र ह्या विद्याशाखेच्या त्या प्रमुख संस्थापक मानल्या जातात.

बालपण आणि प्रारंभिक शिक्षण

एलेन स्वॉलो ह्यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल ह्या खेड्यात झाला. पीटर स्वॉलो आणि फॅनी गुल्ड टेलर ह्या दांपत्याचे त्या एकुलते एक अपत्य होत्या. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले असल्याने एलेन ह्यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. प्रकृती नाजूक असल्यामुळे मोकळ्या हवेत राहण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यामुळे शेतातली कामे आणि रानातली भटकंती हाही त्यांच्या लहानपणाचा भाग होता.

मुलीला चांगले शिक्षण मिळावे म्हणून १८५९ मध्ये हे कुटुंब वेस्टफर्ड येथे स्थलांतरित झाले. तेथील वेस्टफर्ड अकॅडमीत एलेन ह्यांनी गणित, लेखन आणि लॅटिन ह्यांचा अभ्यास केला. वडिलांनी ह्या गावात किराणा व इतर मालाचे दुकान काढले होते आणि एलेन तेथे मदत करीत असत. मालाची पारख, हिशेब आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी ह्यांचा परिचय त्यांना तेथेच झाला. अन्नपदार्थांतील भेसळीवर त्यांनी पुढे केलेल्या कामाला ह्या अनुभवाची पार्श्वभूमी होती. १८६३ मध्ये कुटुंब लिटलटन येथे गेले. पुढील काही वर्षे शिक्षिकेची नोकरी, दुकानातील काम आणि आजारी आईची शुश्रूषा ह्यांत गेली. पुढे शिकण्याची इच्छा तीव्र होती, पण मुलींना पदवीपर्यंत शिक्षण देणाऱ्या संस्था फार थोड्या होत्या आणि पैशाचीही अडचण होती.

व्हॅसर महाविद्यालय

न्यू यॉर्क राज्यातील पकीप्सी येथे मुलींसाठी व्हॅसर महाविद्यालय सुरू झाले होते. शिकवण्या आणि इतर कामे करून सुमारे ३०० डॉलरची बचत झाल्यावर सप्टेंबर १८६८ मध्ये एलेन ह्यांनी तेथे प्रवेश घेतला. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते. त्यांच्या आधीच्या अभ्यासाचा विचार करून महाविद्यालयाने त्यांना पुढच्या वर्गात घेतले आणि १८७० मध्ये त्या पदवीधर झाल्या.

व्हॅसरमध्ये दोन अध्यापकांचा त्यांच्यावर विशेष प्रभाव पडला. खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल ह्यांच्याकडून त्यांनी काटेकोर निरीक्षणाची शिस्त घेतली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स फरार हे शास्त्राचा उपयोग रोजच्या जीवनातील प्रश्न सोडविण्यासाठी व्हावा, अशा मताचे होते. एलेन ह्यांना खगोलशास्त्राची ओढ होती. परंतु लोकांच्या तत्काळ उपयोगी पडणारे शास्त्र म्हणून त्यांनी रसायनशास्त्राची निवड केली.

एमआयटीत प्रवेश

पदवी मिळाल्यानंतर त्यांनी औद्योगिक रसायनतज्ज्ञांकडे उमेदवारीसाठी अर्ज केले, पण स्त्रीला शिकाऊ म्हणून घेण्यास कोणी तयार झाले नाही. बॉस्टनमधील एका व्यवसायसंस्थेने त्यांना एमआयटीत प्रवेशाचा प्रयत्न करण्याचे सुचविले. ही संस्था त्या वेळी बॉस्टन शहरातच होती, तिचे वर्ग सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि तेथे एकही विद्यार्थिनी नव्हती.

१० डिसेंबर, १८७० रोजी संस्थेच्या अध्यापकवर्गाने एलेन स्वॉलो ह्यांना रसायनशास्त्राच्या विशेष विद्यार्थिनी म्हणून प्रवेश देण्याची शिफारस केली. हा प्रवेश पायंडा समजला जाऊ नये, अशीही नोंद संस्थेने केली. त्यांच्याकडून शुल्क घेतले गेले नाही. आपली आर्थिक स्थिती पाहून ही सवलत मिळाली असावी, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात, कोणी आक्षेप घेतल्यास त्या रीतसर विद्यार्थिनी नाहीत असे म्हणता यावे, हा त्यामागचा हेतू होता. हे आधी कळले असते तर आपण प्रवेश स्वीकारला नसता, असे त्यांनी नंतर सांगितले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८७१ मध्ये, त्यांच्या वडिलांचा रेल्वे अपघातात मृत्यू झाला आणि आईची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी शिक्षण सोडले नाही. संस्थेत आपल्या उपस्थितीविषयी कोणाची तक्रार राहू नये म्हणून प्रयोगशाळेची साफसफाई करणे, प्राध्यापकांची बारीकसारीक कामे करणे अशा गोष्टीही त्या स्वेच्छेने करीत. १८७३ मध्ये त्यांना एमआयटीची विज्ञान शाखेची पदवी मिळाली. तेथून अशी पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांचा प्रबंध कोलोरॅडोतील गंधक, आर्सेनिक व अँटिमनीयुक्त खनिजांवर होता. त्याच वर्षी, लोहखनिजातील व्हॅनेडियमविषयीच्या प्रबंधासाठी व्हॅसर महाविद्यालयाने त्यांना पदव्युत्तर पदवी दिली. एमआयटीत त्यांनी पुढेही संशोधन केले, परंतु संस्थेने त्यांना उच्च पदवी दिली नाही.

विद्यार्थिसाहाय्यक म्हणून जलपरीक्षण

मॅसॅच्युसेट्सच्या राज्य आरोग्य मंडळाची स्थापना १८६९ मध्ये झाली. राज्यातील नद्यांच्या काठी कापडगिरण्या, चामड्याचे व कागदाचे कारखाने वाढत होते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी ज्या नदीत जाई, तिच्यातूनच खालच्या बाजूचे गाव पिण्याचे पाणी घेई. ह्या नद्यांची स्थिती तपासण्याचे काम मंडळाने १८७२ मध्ये एमआयटीचे प्राध्यापक विल्यम रिप्ली निकोल्स ह्यांच्याकडे सोपविले. निकोल्स हे स्त्रियांच्या तांत्रिक शिक्षणाला अनुकूल नव्हते. तरीही हातोटी आणि अचूकता पाहून त्यांनी साहाय्यक म्हणून एलेन स्वॉलो ह्यांची निवड केली. त्या वेळी त्या विद्यार्थिनीच होत्या.

पृथक्करणाचा मोठा भाग त्यांनीच पार पाडला. पाण्याचा नमुना उकळून उरणारा घन अवशेष तोलणे, मुक्त अमोनिया व सेंद्रिय पदार्थांपासून निघणारा अमोनिया ऊर्ध्वपातनाने वेगळा करून मोजणे, क्लोराईडचे प्रमाण ठरविणे अशी ही किचकट आणि वेळखाऊ कामे होती. नमुना ठेवून दिल्यास त्यातील अमोनियाचे प्रमाण बदलते. म्हणून तो आल्याबरोबर तपासावा लागे. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता आणि पाण्यातील जंतू मोजण्याच्या पद्धतीही विकसित व्हायच्या होत्या. त्यामुळे पाणी मैल्याच्या संपर्कात आले आहे की नाही, हे रसायनांच्या साक्षीवरूनच ठरवावे लागत असे. ह्या कामातून एलेन स्वॉलो ह्यांना जलपृथक्करणातील तज्ज्ञ म्हणून मान्यता मिळू लागली.

खनिजशास्त्रातील कार्य

ह्याच काळात त्यांचे खनिजांवरील संशोधनही चालू होते. समार्स्काईट ह्या दुर्मीळ खनिजाचे पृथक्करण करताना, ज्ञात मूलद्रव्यांत न बसणारा अवशेष त्यांना आढळला आणि त्यात अज्ञात मूलद्रव्ये असावीत, असा तर्क त्यांनी केला. त्याचा पाठपुरावा करण्यास त्यांना सवड झाली नाही. पुढे १८७९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लकॉक द ब्वाबोद्राँ ह्यांनी ह्याच खनिजातून समेरियम हे मूलद्रव्य शोधून काढले.

४ जून, १८७५ रोजी एलेन स्वॉलो ह्यांचा विवाह एमआयटीतील खाण अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्स ह्यांच्याशी झाला. विवाहानंतरचा पहिला प्रवास कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे झाला आणि खाणकामाचे विद्यार्थीही त्या प्रवासात बरोबर होते. धातुकांच्या संशोधनात त्या पतीला साहाय्य करीत, तसेच धातुविज्ञानावरील जर्मन व फ्रेंच साहित्याचा आढावा त्यांच्यासाठी घेत. खनिजपृथक्करणातील कार्यासाठी १८७९ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ मायनिंग इंजिनिअर्स ह्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. ह्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य होत. शाळकरी मुलांसाठी खनिजांची ओळख करून देणारे एक लहान पुस्तकही त्यांनी लिहिले.

बॉस्टनमधील जमेका प्लेन येथील त्यांचे घर हीदेखील एक प्रयोगशाळाच होती. वायुवीजनाची सोय, कोळशाऐवजी गॅसचा वापर, धूळ साठविणाऱ्या अंथरलेल्या गालिच्यांचा त्याग आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची वारंवार तपासणी असे प्रयोग ह्या घरात होत. प्रशिक्षणासाठी काही विद्यार्थिनीही तेथे राहत असत.

महिला प्रयोगशाळा

बॉस्टनमधील विमेन्स एज्युकेशन असोसिएशन ह्या संस्थेच्या अर्थसाहाय्यामुळे नोव्हेंबर १८७६ मध्ये एमआयटीत महिला प्रयोगशाळा सुरू झाली. प्राध्यापक जॉन ऑर्डवे हे तिचे प्रमुख होते. एलेन रिचर्ड्स तेथे विनावेतन शिकवीत आणि प्रयोगशाळेच्या खर्चासाठी दरवर्षी स्वतः देणगीही देत. शाळांतील शिक्षिका आणि विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या अन्य स्त्रिया येथे रासायनिक पृथक्करण, औद्योगिक रसायनशास्त्र व खनिजशास्त्र शिकत.

प्रयोगशाळेतील अध्यापनाला सार्वजनिक हिताच्या तपासण्यांची जोड देण्यात आली. भिंतींना लावण्याच्या कागदांतील आणि कापडांतील आर्सेनिक शोधणे हे त्यांपैकी एक काम होते. त्या काळी हिरव्या रंगासाठी आर्सेनिकची संयुगे सर्रास वापरली जात. किराणा मालाच्या दुकानांतून आणलेल्या साखर, पीठ, खाण्याचा सोडा अशा पदार्थांची तपासणीही येथे झाली. ह्या अनुभवावर आधारलेला अन्नपदार्थ व त्यांतील भेसळ ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८८०च्या दशकाच्या मध्यास प्रसिद्ध झाला. एमआयटीने स्त्रियांना नेहमीच्या प्रयोगशाळांत प्रवेश देण्यास सुरुवात केल्यावर १८८३ मध्ये ही स्वतंत्र प्रयोगशाळा बंद करण्यात आली. तिचा उद्देश सफल झाल्यामुळेच ती बंद झाली; मात्र त्यामुळे एलेन रिचर्ड्स ह्यांच्याकडे काही काळ कोणतेही काम उरले नाही.

१८८४ मध्ये संस्थेने आरोग्यरसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा उघडली आणि तेथे त्यांची अध्यापिका म्हणून नेमणूक झाली. ह्या पदावर त्या अखेरपर्यंत, म्हणजे २७ वर्षे, होत्या. त्यांना प्राध्यापकपद कधीही मिळाले नाही.

राज्याचे जलसर्वेक्षण

१८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने अंतर्गत जलाशयांच्या शुद्धतेच्या रक्षणासाठी कायदा केला. त्यानुसार राज्यातील सार्वजनिक पाणीपुरवठ्यांची नियमित तपासणी करण्याचे काम आरोग्य मंडळावर आले. निकोल्स ह्यांचे त्याच वर्षी निधन झाले होते. त्यामुळे सर्वेक्षणाचे रासायनिक काम प्राध्यापक थॉमस ड्राउन ह्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि प्रयोगशाळेची प्रत्यक्ष जबाबदारी एलेन रिचर्ड्स ह्यांनी सांभाळली.

१८८७ च्या उन्हाळ्यापासून राज्यभरातील नद्या, तलाव, विहिरी आणि जलाशय ह्यांच्या पाण्याचे नमुने दरमहा गोळा करून रेल्वेने बॉस्टनला पाठविले जाऊ लागले. हजारो नमुन्यांची तपासणी झाली. नमुना पोहोचताच त्याचा रंग व वास नोंदविणे आणि मुक्त अमोनिया, सेंद्रिय अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, क्लोराईड, कठिनता व घन अवशेष ठरविणे असा क्रम असे. साहाय्यकांना प्रशिक्षण देणे, उपकरणांत सुधारणा करणे, प्रत्येक नोंद पडताळून पाहणे आणि एवढ्या मोठ्या कामात पद्धतीचा सारखेपणा टिकविणे हे रिचर्ड्स ह्यांचे मुख्य योगदान होते. एवढ्या विस्तृत प्रमाणावरील पद्धतशीर जलसर्वेक्षण अमेरिकेत त्यापूर्वी झालेले नव्हते.

सामान्य क्लोरीन नकाशा

ह्या सर्वेक्षणाची सर्वांत महत्त्वाची फलश्रुती म्हणजे राज्याचा सामान्य क्लोरीन नकाशा. पाण्यात क्लोरीन हे मुख्यतः मिठाच्या, म्हणजे क्लोराईडच्या, स्वरूपात असते. माणसाच्या आहारातील मीठ मलमूत्रावाटे बाहेर पडते आणि सांडपाण्यात मिसळते. सांडपाणी जमिनीत मुरताना त्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटन होते, परंतु क्लोराईड मातीत फारसे अडकत नाही आणि सहजी नष्टही होत नाही. त्यामुळे वरवर स्वच्छ दिसणाऱ्या विहिरीच्या पाण्यातील क्लोराईड हे पूर्वीच्या प्रदूषणाची खूण ठरू शकते.

अडचण अशी होती की क्लोराईड निसर्गतःही पाण्यात आढळते. समुद्राच्या फवाऱ्यातील मिठाचे कण वाऱ्याबरोबर अंतर्भागात जातात आणि पावसातून जमिनीवर उतरतात. किनाऱ्याजवळच्या निर्मळ तळ्यातही म्हणून पुष्कळ क्लोराईड असते, तर दूरच्या डोंगराळ भागात अत्यल्प असते. समुद्रकाठी जे प्रमाण निर्दोष मानावे, तेच पश्चिमेकडील टेकड्यांमध्ये संशयास्पद ठरते. म्हणूनच संपूर्ण राज्याला एकच मर्यादा लावणे चुकीचे झाले असते.

मानवी वस्तीचा संपर्क नसलेल्या जलस्रोतांच्या नोंदी नकाशावर मांडल्यावर, क्लोराईडचे प्रमाण किनाऱ्यापासूनच्या अंतरानुसार नियमितपणे घटत जाते, असे दिसून आले. समान प्रमाणाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा किनाऱ्याला साधारण समांतर आल्या. ह्या रेषांवरून कोणत्याही गावाच्या पाण्यातील नैसर्गिक क्लोराईड किती असावे, हे सांगता येऊ लागले. मोजलेले प्रमाण त्याहून जास्त असेल, तर ती वाढ बहुधा माणसामुळे झालेली असे. काही वर्षांतच शेजारच्या राज्यांमध्येही असे नकाशे तयार करण्यात आले.

भूपृष्ठावरील एका रासायनिक घटकाच्या वितरणाचे हे चित्रण भूरसायनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. त्याचे सामाजिक महत्त्वही तेवढेच होते. आपले पाणी बिघडले आहे, ही एखाद्या वस्तीची तक्रार सिद्ध करण्यासाठी पूर्वी रंग, वास आणि आजारपण एवढाच आधार असे. नकाशामुळे त्या ठिकाणचे नैसर्गिक प्रमाण पुराव्यादाखल उपलब्ध झाले आणि बिघाडाला निसर्ग कारणीभूत आहे, असे म्हणून जबाबदारी टाळणे कठीण झाले.

लॉरेन्स शहर आणि पाण्याचा प्रश्न

अशा पुराव्याची निकड मेरिमॅक नदीकाठच्या गिरणीशहरांमध्ये स्पष्ट झाली होती. लॉवेल शहराचे सांडपाणी ह्या नदीत सोडले जाई आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूचे लॉरेन्स शहर त्याच नदीचे पाणी पीत असे. लॉरेन्समध्ये प्रामुख्याने गिरणीकामगार आणि स्थलांतरित कुटुंबे राहत होती. १८९०–९१ मध्ये दोन्ही शहरांत विषमज्वराची साथ आली. एमआयटीचे जीवशास्त्रज्ञ विल्यम सेजविक ह्यांनी तिचा माग काढला आणि साथ दूषित पाण्यातून पसरल्याचे दाखविले.

आरोग्य मंडळाने लॉरेन्स येथे १८८७ मध्ये प्रायोगिक केंद्र स्थापन केले होते. अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ तेथे वाळूतून पाणी व सांडपाणी गाळण्याच्या पद्धतींवर एकत्र काम करीत. केंद्राचे प्रवर्तक हायरम मिल्स ह्यांच्या आराखड्यानुसार १८९३ मध्ये लॉरेन्सच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूची गाळणयंत्रणा बांधण्यात आली. त्यानंतर शहरातील विषमज्वराचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. एमआयटीत ह्याच सुमारास आरोग्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला होता. हवा, पाणी आणि सांडपाणी ह्यांच्या पृथक्करणाचे शिक्षण रिचर्ड्स ह्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना देत. हे विद्यार्थी पुढे देशातील अनेक शहरांच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनांवर काम करू लागले. सहकारी ए. जी. वुडमन ह्यांच्याबरोबर लिहिलेला, हवा, पाणी व अन्न ह्यांच्या आरोग्यविषयक तपासणीचा त्यांचा पाठ्यग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला.

कारखाने, अन्न आणि स्त्रीशिक्षण

कापडगिरण्यांना लागणाऱ्या आगींचा प्रश्नही त्यांनी हाताळला. विमाकंपन्यांच्या सांगण्यावरून त्यांनी यंत्रांना घालावयाच्या तेलांचा अभ्यास केला आणि तेलकट चिंध्या आपोआप पेट घेण्याची कारणे तपासली. गिरणीतील आगीत मालमत्तेबरोबर कामगारांचे प्राणही जात असल्याने ह्या संशोधनाला विशेष महत्त्व होते.

१८९० मध्ये मेरी हिनमन एबल ह्यांच्या सहकार्याने त्यांनी बॉस्टनमध्ये न्यू इंग्लंड किचन हे सार्वजनिक स्वयंपाकघर उघडले. कमी खर्चात पौष्टिक अन्न शिजवून ते कामगारवस्तीत विकणे हा त्याचा उद्देश होता. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात रम्फर्ड किचन ह्या नावाने ह्या प्रयोगाचे प्रात्यक्षिक ठेवण्यात आले. पुढे बॉस्टनमधील माध्यमिक शाळांना दुपारचे जेवण पुरविण्याचे काम ह्या स्वयंपाकघराकडे आले.

स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठीही त्यांनी दीर्घकाळ काम केले. ॲना टिकनॉर ह्यांनी स्थापन केलेल्या, घरबसल्या अध्ययनाला उत्तेजन देणाऱ्या संस्थेत त्या पत्राद्वारे विज्ञान शिकवीत. मॅरियन टॅलबट आणि इतरांसह त्यांनी महिला पदवीधरांची संघटना उभारली. उच्च शिक्षणाने स्त्रियांची प्रकृती बिघडते, असे डॉ. एडवर्ड क्लार्क ह्यांनी १८७३ मध्ये मांडले होते. ह्या संघटनेने सुमारे ७०० पदवीधर स्त्रियांच्या आरोग्याची माहिती गोळा केली आणि १८८५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते क्लार्क ह्यांच्या मताला पुष्टी देणारे नव्हते.

पर्यावरणविचार आणि गृहअर्थशास्त्र

जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल ह्यांनी १८६६ मध्ये परिस्थितिविज्ञानासाठी, घर ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून, नवी संज्ञा घडविली होती. रिचर्ड्स ह्यांनी १८९२ मध्ये बॉस्टन येथील एका व्याख्यानात ती संज्ञा वापरली. माणूस आणि त्याच्या भोवतालची हवा, पाणी, अन्न व निवारा ह्यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र असा अर्थ त्यांना अभिप्रेत होता. पुढील वर्षीच वनस्पतिशास्त्रज्ञांनी सजीव व परिसर ह्यांच्या अभ्यासासाठी ही संज्ञा स्वीकारली आणि तिचा तोच अर्थ रूढ झाला. रिचर्ड्स ह्यांनी मग सुधारता येण्याजोग्या परिसराच्या शास्त्राला युथेनिक्स असे नाव दिले. ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला.

१८९९ पासून न्यू यॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे ग्रंथपाल मेल्विल ड्यूई ह्यांच्या पुढाकाराने वार्षिक परिषदा भरू लागल्या आणि रिचर्ड्स त्यांच्या अध्यक्षस्थानी होत्या. ह्या परिषदांमधून १९०८ च्या अखेरीस अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशनची स्थापना झाली व रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. भारतातील विद्यापीठांत हा विषय गृहविज्ञान ह्या नावाने शिकविला जातो. महाराष्ट्रात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात त्याचे शिक्षण मिळते.

मूल्यमापन आणि टीका

रिचर्ड्स ह्यांच्या कार्याचे मूल्यमापन काळानुसार बदलत गेले. मृत्यूनंतरची अनेक दशके त्यांची ओळख मुख्यतः गृहअर्थशास्त्राच्या संस्थापक एवढीच राहिली आणि जलसर्वेक्षणातील त्यांचा वाटा मागे पडला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट क्लार्क ह्यांच्या चरित्राने पर्यावरणविज्ञानाच्या आद्य प्रवर्तक म्हणून त्यांची मांडणी केली.

त्यांच्या विचारांतील मर्यादांकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. न्यू इंग्लंड किचनमधील पदार्थ पौष्टिक होते. पण ते न्यू इंग्लंडच्या चवीचे होते आणि वस्तीतील स्थलांतरित कुटुंबांना रुचले नाहीत. लोकांनी काय खावे हे ठरविताना त्यांच्या आवडीचा आणि परंपरेचा पुरेसा विचार झाला नाही, अशी टीका होते. गरिबांच्या राहणीमानाविषयी लिहिताना त्यांनी वेतन आणि घरभाडे ह्यांपेक्षा सवयी व शिक्षण ह्यांवर अधिक भर दिल्याचेही म्हटले जाते. दुसऱ्या बाजूला, त्या काळी प्रभावी असलेल्या सुप्रजननशास्त्राने मानवी सुधारणेसाठी आनुवंशिकतेवर भर दिला असताना, हयात माणसांचा परिसर सुधारण्याला त्यांनी अग्रक्रम दिला, हा त्यांच्या विचाराचा वेगळेपणा मानला जातो.

निधन आणि वारसा

१९१० मध्ये स्मिथ महाविद्यालयाने रिचर्ड्स ह्यांना विज्ञानातील सन्माननीय डॉक्टरेट दिली. ३० मार्च, १९११ रोजी जमेका प्लेन येथील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या ६८ वर्षांच्या होत्या. त्यांचे दफन मेन राज्यातील गार्डिनर येथे झाले. सहकारी कॅरोलाईन हंट ह्यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या पदवीला १०० वर्षे झाल्यानिमित्त १९७३ मध्ये एमआयटीने त्यांच्या नावाचे प्राध्यापकपद निर्माण केले. त्यांच्या निवासस्थानाला १९९२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. प्रदूषणाची तपासणी करताना त्या ठिकाणचे नैसर्गिक प्रमाण आधी निश्चित करावे, हे तत्त्व आजही भूजल व नद्यांच्या परीक्षणात पाळले जाते. पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा माग काढण्यासाठी क्लोराईडचे मापनही अजून केले जाते.